नाळेबा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात गेला की मिरजेला आमच्याकडे हादगा बसायचा. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात. विदर्भ-खानदेशातल्या मुली साधारण याच दिवसांत भुलाबाई-गुलाबाई बसवतात, पण ती कोजागिरीपर्यंत, महिनाभर. आमचा हादगा सोळा दिवसांचा. भिंतीवर हत्तींचं चित्र, त्याला फळांच्या माळा, आणि समोर फेर धरून गाणी: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत शेवटच्या दिवशी सोळा. मग खिरापत. ती डब्यात झाकून आणायची, डबा हलवायचा, आणि आत काय आहे ते बाकीच्या मुलींनी ओळखायचं. ओळखता येऊ नये यासाठी घरोघरच्या आया जे डोकं चालवत, ते त्यांनी एरवी कुठे चालवलं असतं तर फार पुढे गेल्या असत्या.

आता मी यशवंतपूरला राहते. इथल्या बाजार समितीत महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात, आणि त्यांच्या पाट्यांवरचं एमएच पाहिलं की मला उगीचच बरं वाटतं. सोळा दिवसांचा हादगा इथे शक्य नाही. शाळा, ऑफिस, ट्रॅफिक. नवरात्रातला एक शनिवार मिळतो. पण इमारतीत त्याला जागा सहज मिळाली, कारण नवरात्रात इथे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या बघायला बायका-मुलं एकमेकांकडे जातात आणि हातावर उसळी घेऊन येतात. (उसळीला इथे उसळीच म्हणतात. कोशिंबिरीला कोसंबरी. कोणी कोणाकडून घेतलं, ते भाषाशास्त्रज्ञांनी बघावं. मला शेजारणीचं बोलणं त्यामुळे पहिल्या वर्षीच अर्धं कळायला लागलं.) तशा फेऱ्यांत आमचं एक घर हत्तीचं. गच्चीवर पाट, पाटावर तांदळाचा हत्ती, आणि भोवती चार भाषांच्या आठ-दहा मुली.

खिरापतीचा खेळ त्यांना लगेच कळला. मिरजेला आम्ही गोड की तिखट असं विचारून वड्या, करंज्या, भेळ अशी घरातली यादी संपवायचो. इथे ‘पुळियोगरे’, ‘चित्रान्न’, ‘रवे उंडे’ अशा हाका येतात. गेल्या तीन वर्षांत माझं सातारी कंदी पेढ्याचं गुपित एकदाही फुटलेलं नाही.

गाण्यांचं मात्र तसं नव्हतं. हादग्याची बहुतेक गाणी सासरी अडकलेल्या मुलीची आहेत. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू सांगते, आधी वेल लाव. मग त्याला कोंब येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, त्याची भाजी होऊ दे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न सरळ होता: ‘ती विचारते कशाला? जात का नाही?’ याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते हत्तीभोवती फिरता फिरता देण्यासारखं नव्हतं.

हल्ली काही ठिकाणी या गाण्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या वाटतात. त्यांत सासू प्रेमळ असते, सून नोकरी करते आणि वेल कारल्याचा उरत नाही. हेतू चांगला असतो. मला त्या पटत नाहीत. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे बायकांची गाणी गोळा करून छापली, तेव्हा त्यांतली सासू गोड करून घेतली नाही. गाणं पोचवायचं तर कडूसकट पोचवावं. शिवाय साफसफाई करताना काय झाडलं जाईल याचा भरवसा नसतो. आमच्या घरच्या गाण्यात नाळेबा होता; कुठल्याही छापील कागदावर तो टिकला नसता.

हा नाळेबा आजीचा. वडिलांची आई. कारल्याच्या गाण्यात सासूचं एकेक उत्तर संपलं की सगळ्या थांबत आणि आजी एकटीच, जड आवाजात म्हणे, ‘नाळेबा.’ की आम्ही नाती हात जोडायचो. खंडोबा, जोतिबा, बिरोबा, तसा नाळेबा. त्याचं देऊळ कृष्णेकाठी आहे, असं माझी चुलतबहीण खात्रीने सांगायची. आईही हात जोडायची. देवाच्या नावाचा अर्थ कोणी विचारत नाही. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हांला पाठचिकित्सा शिकवताना सांगत की दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा जुना धरावा. तेव्हासुद्धा मला नाळेबा आठवला नाही. तो अभ्यासाच्या कप्प्यात नव्हताच.

यशवंतपूरच्या गच्चीवर मी आजीच्या आवाजात ‘नाळेबा’ म्हटलं आणि हात जोडले. फेर थांबला. दोन मुली फिसकन हसल्या. माझी लेक म्हणाली, ‘अगं आई, नाळे बा! उद्या ये!’

नाळे म्हणजे उद्या, बा म्हणजे ये. भाजीवाल्यापासून प्लंबरपर्यंत हे शब्द मी रोज ऐकते. आणि बंगळूरमध्ये तर त्यांची दंतकथाच आहे. १९९०च्या दशकात इथे अफवा होती की रात्री एक बाईचं भूत ओळखीच्या आवाजात हाक मारतं; म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवत. भूत ते वाचून परत जाई, दुसऱ्या दिवशी येई, पुन्हा तेच वाची. २०१८च्या ‘स्त्री’ सिनेमात हीच युक्ती आहे.

आजीचं माहेर कुडचीचं, कानडी घर. त्या पट्ट्यात अशा सोयरिकी नव्या नव्हत्या. ती लग्न होऊन मिरजेला आली तेव्हा दोन्ही गावं मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि तिचं माहेर परराज्यात. गाडी मात्र तीच, तासा-दीड तासाची. आजही राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मी मिरजेहून निघते, तेव्हा कुडची इतक्या लवकर मागे पडतं की डबा उघडायलाही वेळ मिळत नाही. तरी आजी माहेरी गेल्याच्या गोष्टी आमच्या घरात जवळजवळ नाहीत. तिची सासू, माझी पणजी, हिच्याविषयी घरात आदरानेच बोललं जातं, आणि माझ्याकडे पुरावा आहे तो दोन शब्दांचा. पण मराठी गाण्यातल्या सासूची सगळी उत्तरं आजीने आपल्या भाषेत दोन शब्दांत आणली होती. इतकं नेमकं भाषांतर मला वीस वर्षांत जमलेलं नाही. तिने ते उघडपणे म्हटलं, दर वर्षी, सोळा-सोळा दिवस, आणि समोरच्यांनी हात जोडले.

मी लेकीला विचारलं, आता काय करायचं? अर्थ कळला, तर हात जोडायचे का? तिने मैत्रिणींशी कानडीत सल्लामसलत केली. ठरलं असं की हात जोडायचे, पण सासूचं उत्तर ऐकून सुनेने दर वेळी एक पाऊल दाराकडे टाकायचं. गच्चीला जिन्याचं दार आहे. गाणं संपेपर्यंत अख्खा फेर त्या दारात जाऊन अडकला, आणि पाटावरचा हत्ती पायांनी विस्कटला तो विस्कटलाच.

रात्री आईला फोन केला. नाळेबाचा अर्थ सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सासूबाईंना कानडीत बोलताना मी एकदाच ऐकलं. त्यांचा भाऊ आला होता, मागच्या दारी उभा होता.’ आणि थोड्या वेळाने, ‘मला मात्र त्यांनी कधी अडवलं नाही हं. मी माहेरचं नाव काढलं की स्वतः भाकरी बांधून द्यायच्या. म्हणायच्या, दुपारचीच गाडी गाठ.’