जपून नेण्याची विद्या

वस्तू घडविणाऱ्या कारागिराचे कौतुक सर्वत्र होते. परंतु तीच वस्तू दूरच्या गावी धडधाकट नेऊन पोचविणाऱ्याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. सामान बांधणे हे हलके काम समजले जाते. निघण्याच्या घाईत, हाताला लागेल त्या दोरीने ते उरकून टाकावे, अशी पुष्कळांची रीत असते. मात्र एखादी लांबट आणि नाजूक वस्तू दूरच्या प्रवासाला धाडण्याची वेळ आली, म्हणजे या कामी किती विचार लागतो ते ध्यानात येते. गोल्फच्या काठ्या ही अशीच एक वस्तू आहे.

गोल्फ हा स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाढलेला खेळ. गवताळ माळावर काठीने चेंडू टोलवीत टोलवीत दूरच्या एका लहानशा खळग्यात घालावयाचा, एवढेच त्याचे सूत्र. परंतु चेंडू कधी हिरवळीवर असतो, कधी वाळूत, तर कधी उंच गवतात. त्यामुळे एका काठीने भागत नाही. खेळाडूंजवळच्या काठ्या पुढे इतक्या वाढल्या, की अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली चौदांहून अधिक काठ्या बाळगू नयेत, असा नियम करावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या काठ्यांचे दांडे हिकरी नावाच्या चिवट अमेरिकन लाकडाचे असत. दांड्याच्या टोकाला लाकडाचेच जाडसर डोके चिकटवून त्या सांध्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे देत. हा सांधा म्हणजे काठीचे मर्मस्थान. त्या काळी काठ्यांसाठी पिशवीही नव्हती. खेळाडूबरोबर चालणारा मदतनीस, ज्याला ‘कॅडी’ म्हणतात, तो साऱ्या काठ्या काखेत धरून माळ तुडवीत असे. पिशव्यांचा प्रघात पडला तो त्या शतकाच्या अखेरीस.

भारतात हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली आणि मुंबईचा १८४२ साली स्थापन झाला. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी विलायतेहून येणारे जड सामान आफ्रिकेला वळसा घालून महिनोगणती जहाजावर राही. खारी हवा, ओल आणि लाटांचे हेलकावे सोसून लाकडाचा सांधा शाबूत यावा, तर तो मुळात नीट बांधून दिलेला असला पाहिजे, हे उघड आहे.

१९२९ साली सेंट अँड्र्यूज येथील नियामक संस्थेने पोलादी दांड्यांना मान्यता दिली. पुढे कार्बनच्या तंतूंचे हलके दांडे आले आणि लांब टोल्याच्या काठीला टायटॅनियम धातूचे, आतून पोकळ असे मोठे डोके आले. सामग्री सुधारली, प्रवासाचे भय मात्र सरले नाही. कार्बनचा दांडा खेळताना लवतो व पुन्हा सरळ होतो. पण तोच आडवा दाबला गेला किंवा त्यावर एखादी कठीण वस्तू आदळली, तर तडकतो. विमानात या काठ्या प्रवाशाजवळ ठेवू देत नाहीत. त्यांची पिशवी इतर सामानाबरोबर पोटातल्या खणात जाते. तेथे ती पट्ट्यावरून घसरते, गाडीवर फेकली जाते, तिच्यावर दुसऱ्या पेट्या रचल्या जातात. काठ्यांनी भरलेली पिशवी बारा ते पंधरा किलो भरते. ती वरच्या बाजूने जमिनीवर आपटली, की आघात सर्वांत लांब काठीवर येतो. सुमारे ४५ इंचांची ती काठी मग नेमकी मानेशी, डोके आणि दांडा यांच्या सांध्याजवळ मोडते.

यावरचा उपाय साधा आहे. जाणते खेळाडू पिशवीत एक जास्तीचा दणकट दांडा उभा ठेवतात. सर्वांत लांब काठीपेक्षा तो थोडा उंच असतो. खेळात त्याचा काडीचाही उपयोग नाही. परंतु पिशवी उलटी आदळली, तर तडाखा प्रथम तो घेतो आणि इतरांना वाचवितो. घरातील थोरल्या भावाने पुढे होऊन पाऊस अंगावर घ्यावा, तसेच हे आहे.

बाकीची काळजीही अशीच विचाराची असते. काठ्या आधी पुसून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर लोखंडाला गंज चढतो. डोक्यांवर टोप्या चढवून, त्यांच्यामधल्या जागेत पंचे व कपडे ठासून, सगळ्यांना मिळून एक पट्टा आवळतात. ज्या काठीचे डोके किल्लीने सुटे करता येते, ते काढून निराळे गुंडाळतात. हापूस आंब्याच्या पेटीत पेंढा भरणाऱ्या बागाईतदाराला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. हलण्यास जागा मिळाली, की मोडण्यास निमित्त मिळते! शेवटी नाव आणि पत्ता पिशवीच्या बाहेर लिहितात, तसाच आतही ठेवतात. कारण बाहेरची चिठ्ठी वाटेत फाटण्याचा संभव असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मोडलेली काठी दुकानात पुन्हा मिळत नाही काय? मिळते, पण काठीची लांबी, वजन, मुठीची जाडी ही खेळाडूच्या हाताशी वर्षानुवर्षे जुळलेली असतात. खेळ हीच ज्याची उपजीविका आहे, त्याने पदरचे पैसे खर्चून परगावी स्पर्धेला जावे आणि पिशवी उघडताच मुख्य काठी दुभंगलेली दिसावी, यासारखा घाला दुसरा नाही. अशा वेळी उसनी काठी हाती येते, परंतु हाताचा विश्वास उसना मिळत नाही.

या विद्येचे एक मोठे नवलाचे उदाहरण पृथ्वीबाहेर घडले. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ या यानातून अ‍ॅलन शेपर्ड हा अमेरिकन अंतराळवीर चंद्रावर उतरला. यानात रतीरतीचा हिशोब. सबंध काठी नेणे शक्यच नव्हते. त्याने केवळ काठीचे लोखंडी डोके आणि दोन चेंडू बरोबर घेतले. चंद्रावरची माती गोळा करण्याच्या अवजाराला दांडा होताच. त्यालाच त्याने ते डोके जोडले आणि जाड पोशाखामुळे दोन्ही हात वापरता येईनात, म्हणून एका हाताने चेंडू टोलविले. ते चेंडू तेथेच राहिले. काठी मात्र परत आली आणि आज अमेरिकेतील गोल्फच्या संग्रहालयात आहे. काय बरोबर न्यावे लागेल आणि काय तेथेच मिळेल, याचा आधी केलेला विचार हाही बांधाबांधीचाच भाग आहे, हे त्याने दाखवून दिले.

सामान बांधणारा आणि ते वाटेत उचलणारा यांची सहसा भेट होत नाही. म्हणून बांधणाऱ्याला अनोळखी हातांचाही विचार करावा लागतो. ओझे किती जड आहे, ते कोठे धरावे, कोणती बाजू वर असावी, हे उचलणाऱ्याला पाहताक्षणी कळले, तर त्याचे श्रम वाचतात आणि वस्तूही वाचते. वाहून नेणारा हात बेपर्वाच असेल, असे गृहीत धरणे हा त्या हातावर अन्याय आहे.

कारण वाहणाऱ्याला वस्तूची जी ओळख होते, ती पुष्कळदा मालकालाही नसते. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून इतरांच्या काठ्या वाहणारा अली शेर या मुलाने कोणती काठी केव्हा द्यावी हे पाहता पाहता खेळच आत्मसात केला. मोठेपणी, १९९१ साली, त्याने दिल्लीतच इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली आणि १९९३ साली ती पुन्हा जिंकून दाखविली. ज्या खांद्यावर दुसऱ्यांच्या काठ्या होत्या, त्याच खांद्यावर लोकांनी विजयाची शाल पाहिली असे म्हटले, तर त्यात वावगे काहीच नाही.