शके १७११ की १७९१?

खानापूर तालुक्यातील एका देवळाच्या दीपमाळेखालील मराठी लेखाचे छायाचित्र आम्ही गेल्या वर्षी घेतले आणि त्यावरून शके १७११ असे वाचून तसे लिहिलेही. पुढे गावातील एका वृद्ध गुरुजींनी शिळेवरून बोट फिरवीत सांगितले, "अहो, हा एक नव्हे, नऊ आहे." म्हणजे शके १७९१, इ. स. १८६९. ऐंशी वर्षांची चूक! सीमाभागात मराठीचे जुनेपण सांगताना अशी एक चूक उरलेल्या साऱ्या पुराव्यावर संशय आणते.

प्रथम आम्ही झिजलेल्या दगडाला दोष दिला. छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा अक्षरे धूसर आणि शिळेच्या चार बोटे पुढचे गवताचे पाते मात्र लख्ख! मग संशय आला तो जुन्या बाजारातून घेतलेल्या ५० मि.मी. भिंगाचा.

परीक्षा घरीच केली. वर्तमानपत्राचे पान उभे लावले, शेजारी मोजपट्टी तिरपी ठेवली, कॅमेरा तिपाईवर बसवला आणि छिद्र पूर्ण उघडून दीड मीटरवरून छायाचित्रे घेतली. या अंतरावर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरांचा असतो. प्रत्येक वेळी पट्टीवरील पुढचेच आकडे स्पष्ट आले. तेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून हाताने जुळवले, तेव्हा पानावरचा अनुस्वारही सुटला नाही. बुरशी असती किंवा आतले भिंग कललेले असते, तर हाताने जुळवूनही चित्र सुधारले नसते. अर्थात काच निर्दोष होती. आरशाच्या कॅमेऱ्यात अंतर मोजणारा स्वतंत्र संवेदक आणि हे भिंग यांचा मेळ तेवढा बसत नव्हता. कॅमेऱ्यातील सूक्ष्म जुळणीचा आकडा अधिक बाजूस सरकवत नेला आणि स्पष्टता पानावर आली.

'फोकस' हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ चूल. केप्लरने १६०४ मध्ये तो प्रकाशशास्त्रात आणला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला 'नाभी' म्हटले. चूल काय, नाभी काय, दोन्ही मध्यस्थानेच. आमचे लक्षच त्या स्थानावरून ढळले होते.

सकाळच्या तिरप्या उन्हात आम्ही तो लेख पुन्हा टिपला. नऊचा आकडा स्वच्छ दिसतो. पूर्वीचे वाचन आम्ही येथे मागे घेत आहोत. आपापल्या गावचे लेख टिपणाऱ्या बांधवांना एवढीच विनंती: शिळेपुढून उठण्याआधी छायाचित्र मोठे करून पाहावे, आणि अक्षरावरून एकदा बोटही फिरवावे.