हा गॉर्डन पार्क्स आजवर कुठे होता!

ठिपक्यांचा झगा, चष्मा, एका हाताशी झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप आणि मागे भिंतीवर लोंबणारा अमेरिकेचा झेंडा. एला वॉटसन, वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीतल्या सफाई कामगार, १९४२. फोटो गॉर्डन पार्क्सचा. तो पाहिल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्षच लागत नाही!

ग्रँट वूडचं १९३०चं ‘अमेरिकन गॉथिक’ हे चित्र आठवतं? घरापुढे उभे ते दोघं, पुरुषाच्या हातात गवत उचलायचा दाताळा. पार्क्सने तेच नाव घेतलं, तोच ताठपणा घेतला आणि दाताळ्याच्या जागी झाडू आणला, घराच्या जागी झेंडा. झेंडा धूसर, बाई लख्ख! या देशात नीट बघायचं कुणाकडे, ते त्याने फोकसनेच सांगून टाकलं.

आणि तो तिथे थांबला नाही हो! वॉटसनबाईंच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला, फोटो काढत राहिला. माझा जीव जडलाय तो घरातल्या एका फोटोवर. दारापलीकडे वॉटसनबाई नातवंडांना घेऊन बसल्यात. अलीकडे आरसा, एका जोडप्याची तसबीर, आणि आरशात त्यांची दत्तक मुलगी, जी एरवी फोटोत कुठे दिसतच नाही! एवढ्याशा जागेत अख्खं घर मावलंय, आणि कणव मागणारा चेहरा एकही नाही. गरिबीचे फोटो पुष्कळ पाहिले, पण त्यातल्या माणसांना एवढा मान दिलेला क्वचितच पाहिला.

मग १९५६, अलाबामातलं मोबील, आणि चक्क रंगीत! डोक्यावर काळ्यांच्या वेगळ्या दाराची निऑन पाटी, खाली फिकट निळ्या झग्यातली बाई आणि नटूनथटून निघालेली छोटी मुलगी. बाईंच्या आतल्या कपड्याचा पट्टा खांद्यावरून घसरलाय, तेवढाच. विषय वर्णभेदाचा आणि रंग एखाद्या फॅशन मासिकाचे! (‘व्होग’साठी त्याने फॅशन टिपली होती, तो हात इथे कामी आला, असं मला अगदी मनापासून वाटतं.)

कॅन्ससमधला, पंधरा भावंडांत धाकटा, पहिला कॅमेरा गहाणवटीच्या दुकानातून घेतलेला हा माणूस ‘लाइफ’ साप्ताहिकाचा पहिला कृष्णवर्णीय स्टाफ फोटोग्राफर झाला. आत्मचरित्राचं नाव ‘अ चॉइस ऑफ वेपन्स’. म्हणजे हत्यारांतली निवड! ते मागवलंय. तोवर त्यानेच टिपलेला हार्लेममधल्या टोळीचा म्होरक्या रेड जॅक्सन, १९४८, एकेक फोटो बघायला घेतलाय, आणि भेटेल त्याला दाखवत सुटलोय.