हाताला प्लास्टर का? सगळ्यांना एकदाच उत्तर

गेल्या आठवड्यापासून जो भेटतो तो विचारतो, हाताला काय झालं? मी सांगतो, स्केटबोर्डवरून पडलो. लगेच पुढचा प्रश्न, खड्डा ना? आणि महापालिकेला दोन शिव्या. म्हणून थोडं मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा.

खड्डा नव्हता. चूक माझी होती.

आठ महिने घरी इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवत होतो. फळी गल्लीतल्या सुतारकाकांनी मरीन प्लायची कापून दिली. वायरी, कनेक्टर, स्विच पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून. बॅटरी तीस सेलची, ३६ व्होल्टची. दोन मोटरी तेवढ्या बाहेरून मागवल्या.

बहुतेक घरगुती बोर्डांत मोटर पट्ट्याने चाक फिरवते. पट्ट्यात खडी अडकते, पट्टा तुटतो, आवाजही होतो. मी डायरेक्ट ड्राइव्ह केलं, म्हणजे मोटर चाकाच्या शेजारी त्याच आसावर आणि चाक थेट तिलाच जोडलेलं. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. चाक आणि मोटर जोडणारा अॅल्युमिनियमचा तुकडा भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी तीनदा करून दिला. पहिले दोन केसभर तिरके निघाले आणि चाक लंगडायला लागलं. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "आता नाही बसलं तर तूच तिरका आहेस."

बसलं.

गिअर नसल्यामुळे हिशेब सरळ असतो. माझी मोटर एका व्होल्टला मिनिटाला ७५ फेरे घेते. ३६ व्होल्टला २७०० फेरे. चाक ९७ मिलिमीटरचं, म्हणजे कागदावर ताशी ४९ किलोमीटर! आई म्हणाली, "एवढ्या वेगाने तुला जायचंय कुठे?" मी कंट्रोलरमध्ये वेग २० वर बांधून टाकला.

कायद्याचंही सांगतो, कारण इथे आपण दुसऱ्यांना कायदा शिकवत असतो. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी गाडीला नोंदणी लागत नाही. पण तिचं मॉडेल ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. माझ्या एकेका मोटरीची ताकद त्या मर्यादेच्या कितीतरी वर, आणि तपासणी कसली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जोडलेलं यंत्र ते. सार्वजनिक रस्त्यावर त्याला जागा नाही हे मला माहीत होतं. तरी पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून तीन महिने नेत होतो.

त्या रविवारी रात्रभर चार्जिंग करून बॅटरी शंभर टक्के भरली. आमची सोसायटी चढावर आहे, बाहेर पडलं की थेट उतार. या बोर्डाला ब्रेकपॅड नाहीत. ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते, तेव्हा वेग कमी होतो. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर वीज जाणार कुठे? बॅटरीच्या संरक्षक सर्किटने आपलं काम केलं, जोडणी तोडली. ब्रेक गेला.

खाली रस्ता झाडणाऱ्या एक ताई पाठमोऱ्या होत्या. ओरडलो. त्यांनी वळून पाहिलं, पण त्या हलेपर्यंत वेळ नव्हता. मी बोर्ड डावीकडे मातीत घातला आणि हातावर आपटलो. हेल्मेट होतं, मनगटाला काही नव्हतं. ताईंनीच उठवलं. बोर्ड उलटा करून बघत म्हणाल्या, "दादा, याला ब्रेक नाही का?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. दहा टक्के बॅटरी रिकामी ठेवून निघायचं, हे मी वाचलेलं होतं. पाळलं नाही. जरा इकडेतिकडे झालं असतं तर आज मी ही पोस्ट लिहीत नसतो, कुठेतरी जबाब देत असतो.

आता मूळ मुद्दा. चार इंचाहून लहान चाकांवर तीन महिने फिरलं की रस्ता तळपायाला पाठ होतो. कुठला पेव्हर ब्लॉक उचकटलाय, कुठलं चेंबरचं झाकण दोन बोटं वर आहे, केबलसाठी खोदलेला चर कुठे नीट बुजवलेला नाही. गतिरोधकाचं मानक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असं आहे. आमच्या गल्लीतला मी टेपने मोजला. उंची पाच इंच, रुंदी जेमतेम सव्वा फूट. दर वेळी उतरून बोर्ड हातात घ्यायचो, नाहीतर खाली लोंबणाऱ्या मोटरी घासायच्या. पण मला उतरता येत होतं.

आमच्या शेजारच्या आप्पांना उतरता येत नाही. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं व्हीलचेअरवर आहेत. बाग तीनशे मीटरवर. मुलगा म्हणायचा, "त्यांना आता बाहेर पडायला आवडत नाही." मीही ते खरं मानलं होतं.

प्लास्टर घातल्यावर घरीच होतो. सहज विचारलं, आप्पा, बागेत यायचं का? ते लगेच म्हणाले, "टोपी दे."

मुलाने खुर्ची ढकलली, मी पुढे चाललो. व्हीलचेअरची पुढची चाकंही लहानच असतात. माझं चाक जिथे जिथे अडकायचं, तिथेच ती अडकणार हे मला दिसत होतं. "इथे डावीकडून घे. इथे खुर्ची मागे झुकव. हे झाकण टाळ." फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्याकडे विजेच्या डीपीपाशी ६५ सेंटिमीटर उरतात. खुर्ची जाईना. रस्त्यावर उतरलो, समोरून गाड्या. तीनशे मीटरला पंचवीस मिनिटं लागली. बागेच्या फाटकात मोटारसायकली येऊ नयेत म्हणून खांब रोवलेत. त्यांतून खुर्चीही जात नाही. आप्पा फाटकाबाहेरूनच अर्धा तास झाडं बघत बसले. परतताना म्हणाले, "उद्या येशील?"

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. आप्पांना बाहेर पडायला आवडत नव्हतं असं नाही. त्यांनी विचारणं सोडून दिलं होतं.

तिघांनी सुचवलंय की मोटरी आप्पांच्या खुर्चीला लाव. नाही लावणार. जिच्या ब्रेकचा मला भरवसा नाही ती मोटर त्यांच्याखाली नको. आणि सहा इंचाची पायरी मोटरीने चढता येत नाही, तिथे उतारच लागतो. बोर्डही आता रस्त्यावर निघणार नाही.

एक काम सांगतो. घरात टेप असेलच. आपल्या दारासमोरचा फुटपाथ सगळ्यात अरुंद जागी किती, कडेची पायरी किती उंच, उतार आहे की नाही, एवढं मोजा. फोटोसकट खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या सोमवारी सगळं एकत्र करून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देणार आहे. बागेच्या खांबांपासून सुरुवात करू.

सोबत कोणी आलं तर बरं होईल. सध्या एकच हात चालतोय.