भरती आणि सुकती

आश्विन लागला की सुरतेच्या माणसाचा पाय घरात ठरत नाही. पावसाळाभर गढूळ वाहणारी तापी निवळू लागते. दिवसा ऊन चटका देते, पण रात्री गच्चीवर सतरंजी टाकून पडावे असा गारवा सुटतो. नवरात्राच्या नऊ रात्री गरब्यात सरतात आणि पाठोपाठ शरद पौर्णिमा येते. महाराष्ट्रात त्या रात्री कोजागरीचे आटीव दूध पिऊन मंडळी जागतात. सुरतेचा खास सण मात्र दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेस. त्यास येथे चंदनी पडवो म्हणतात. त्या संध्याकाळी तुपाने माखलेली घारी आणि तिखट भुसू घेऊन शहर बाहेर लोटते. कोणी गच्चीवर, कोणी नदीकाठी, तर कोणी थेट रस्त्याच्या कडेला चटई पसरून बसतो. आमच्या सोसायटीतील खानदेशी कुटुंबे पौर्णिमेस दूध आटवतात आणि पडव्यास घारीही आणतात. दोन्ही प्रांतांचे गोड पदरात पाडून घेण्याची ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

पुढे दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी लागली की हेच शहर ओस पडते. हिऱ्याच्या घंट्या थांबतात, मागांचा खडखडाट बंद होतो. सौराष्ट्राच्या बसगाड्या माणसांनी फुगतात आणि भुसावळच्या गाडीत पाय ठेवावयास जागा उरत नाही. आपल्या शाळेतील निम्मे विद्यार्थी त्या गाडीत असतात, हे आम्ही जाणतो. आम्हीही आजवर याच दिवसांत दक्षिणेची गाडी धरीत आलो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्यामुळे मुलाबाळांसह गोव्यास जाणे आता पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. पेडणे तालुक्यात मोरजीस आमचे घर आहे. घरामागे माडांची रांग, तिच्यामागे पांढरी वाळू आणि पुढे समुद्र.

यंदा मात्र जावयाचे कोणाकडे, असा प्रश्न होता. वडील गेले, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीस घरास कुलूप लावून ती आमच्याकडे सुरतेस राहावयास आली. उभा जन्म तिने लाटांच्या आवाजात झोप घेतलेली. येथे तिसऱ्या मजल्यावर तिला रिक्षांचे भोंगे ऐकू येत. पण आवाजाचे दुःख तिने कधी काढले नाही. तिचे दुःख निराळे होते. शेजारणी गुजराती बोलत आणि घरची नातवंडेही तिच्याशी कोंकणी बोलत ना. थोरला चौथीत आहे. शाळेत मराठी आणि खाली अंगणात गुजराती, यांत त्याचे सारे व्यवहार उरकतात. आजीने काही विचारले की तो 'मने नथी आवडतुं' म्हणून पळ काढी. धाकटी साडेचार वर्षांची; ती दादाची नक्कल करण्यात धन्यता मानी. गोव्यात १९८७ साली कोंकणी राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. परंतु आमच्या स्वयंपाकघरात ती दिवसेंदिवस एकट्या म्हातारीची भाषा होत चालली होती. आई बोलणेच कमी करू लागली. संध्याकाळी खिडकीशी बसे आणि जेवणाची हाक आली की उठे. आम्ही दोघांनी हे पाहिले, पण यावर सक्तीचा उपाय नसतो, हे शिक्षकाच्या पेशाने आम्हांस शिकवले आहे.

चंदनी पडव्याच्या संध्याकाळी तिला डुमसला नेले. शहरापासून वीसेक किलोमीटरवरचा हा किनारा सुरतकरांचा लाडका. टोमॅटोची भजी हे तेथील वैशिष्ट्य. मुलांचे अर्धे लक्ष तिकडेच. रात्री तेथे भुते वावरतात अशी एक आवई आहे, तीही थोरल्याने वाटेत चवीने सांगितली. आई वाळूच्या काठाशी उभी राहिली, कपाळावर हात धरून तिने समोर पाहिले आणि विचारले, "दर्या खंय आसा रे?"

समुद्र कोठे आहे, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. समोर नजर पोहोचेल तेथवर काळी, ओली, चमकणारी सपाटी पसरली होती आणि तिच्या पलीकडे क्षितिजाशी एक रुपेरी रेघ होती. तीच समुद्र, असे आम्ही दाखवले. तिने पायाखालची काळी वाळू चिमटीत धरून पाहिली, पदरास हात पुसला आणि काही बोलली नाही. "आमच्या गोव्याला पांढरी असते ना?" असे थोरल्याने विचारले, त्यातला 'आमच्या' हा शब्द आम्ही मनात टिपून ठेवला.

या काळ्या वाळूविषयी येथे थोडे सांगावेसे वाटते, कारण ती आपल्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या गावची आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईस उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून डुमसजवळ समुद्रास मिळते. वाटेत ती जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून जाते. तेथील काळा पाषाण युगानुयुगे झिजवून त्याचे लोहयुक्त कण तिने येथे आणून टाकले. १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण आता पुष्कळ गाळ वरच अडवते, त्यामुळे आज पायाखाली येते ती बव्हंशी जुनी ठेव समजावी. भुसावळच्या गाडीने आपण दिवाळीस ज्या मुलखात जातो, तो मुलूख असा आपल्याआधीच येथे येऊन बसला आहे. आईस हे समजावले तेव्हा ती म्हणाली की नदीने आणलेली माती असेल तर तिला नावे ठेवू नयेत. इतके बोलली, हेच खूप.

त्याच संध्याकाळी एक शब्द पुढे आला. पाणी इतके दूर का गेले, असे धाकटीने विचारले. मराठीत ही ओहोटी आणि गुजरातीत ओट, परंतु आई सहज बोलून गेली, "सुकती लागल्या." थोरला हसला. सुकती म्हणजे वाळत घातलेले कपडे काय, असे त्याने विचारले. मोरजीस आम्ही हा शब्द हजारदा ऐकला होता आणि त्याच्या अर्थाकडे कधी लक्ष गेले नव्हते. तेथे उधाणाच्या दिवशीही भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरच्या आसपास, पाणी चार पावले मागे सरते आणि परत येते. सुकणे म्हणावे असे तेथे फारसे घडत नाही. येथे मात्र खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत गेले आहे. बाहेरच्या समुद्राचे पाणी त्यात शिरले की जागा अपुरी पडून ते उंच चढते. भावनगरकडे हा फरक दहा मीटरच्याही पुढे जातो. सुरतेचा किनारा त्या नरसाळ्याच्या तोंडाकडचा, म्हणून येथे तितका नाही, तरी गोव्याच्या दुप्पट-तिप्पट खास. शिवाय जमीन ताटासारखी सपाट. पाणी उतरले की समुद्राचा तळ खरोखरच उन्हात सुकत पडतो. आईचा शब्द येथे आला आणि अर्थासह उभा राहिला.

दिवाळीनंतर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दोन दिवसांची सहल ठरली ती दांडीची. नवसारीपर्यंत आगगाडी, पुढे बस. मुलांस इतिहासाच्या पुस्तकातील गाव पाहावयाचे होते आणि आईस, तिच्याच शब्दांत, 'समुद्र घरी असताना' पाहावयाचा होता. महात्माजी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाले आणि चोवीस दिवस चालून दांडीस पोहोचले. ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी मूठभर मीठ उचलले, हे आपण सारे जाणतो. ते मीठ तेथे आले कोठून, याचा विचार मात्र आम्हीही किनाऱ्यावर उभे राहीपर्यंत केला नव्हता. मोठ्या भरतीचे पाणी सपाट जमिनीवर दूरवर पसरते. पाणी उतरले की खळग्यांत थोडे राहते, ते उन्हाने आटते आणि मागे पांढरा थर उरतो. सरकारी माणसांनी तो थर आधीच चिखलात कालवून टाकला होता, असे सांगतात. तरी मीठ सापडले. सुकती नसती तर गांधीजींस उचलावयास मीठ नसते, असे आम्ही मुलांस म्हटले. थोरल्याने प्रथमच तो शब्द न हसता ऐकला.

आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा पाणी अजून मागे सरत होते. आईने थोरल्यास तीन काठ्या आणावयास सांगितल्या. पहिली काठी पाण्याच्या कडेशी रोवावयाची, पाणी तीस पावले मागे गेले की दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या काठीपासून पाणी सरेनासे झाले म्हणजे तेथेच उभे राहून पाहत राहावयाचे. हा खेळ त्याला फार आवडला. सांगणारी कोंकणीत सांगत होती आणि ऐकणारा बरोबर करीत होता, हे आम्ही दुरून पाहिले आणि जवळ गेलो नाही.

धाकटीस निराळाच छंद लागला. ओल्या चिखलावर उड्या मारणारा एक मासा असतो. मराठीत त्यास निवटी आणि इकडे लेवटा म्हणतात. पाण्याबाहेर डोळे वटारून बसणारा आणि कल्ल्यांजवळच्या परांवर चालणारा हा मासा पाहून ती घटकाभर जागची हलली नाही. मासा पुढे, ती मागे, तिच्यामागे आमच्या सौभाग्यवती आणि पाटी-चपला सांभाळीत आम्ही, अशी वरात एक कोरडी नाळ ओलांडून बरीच आत गेली. नाळ म्हणजे ओहोटीचे पाणी वाहून जाऊन पडलेला लांबट खळगा. खोली गुडघ्याएवढीही नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, सपाट किनाऱ्यावर भरती समोरून गर्जना करीत येत नाही. ती आधी अशा नाळांतून मुकाट्याने शिरते आणि पुढे पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या मागून निघते. पाणी चढावयास साधारण सहा तास लागतात, पण ते सारखे चढत नाही. पहिल्या तासात थोडेच येते. तिसऱ्या आणि चौथ्या, या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे येते. डुमसच्या भुतांची गोष्ट खरी असो वा नसो, या पाण्याची गोष्ट खरी आहे.

एकाएकी थोरल्याची हाक आली. "आजी, सुकती सोंपली! भरती लागली!" तिसऱ्या काठीच्या बुडाशी पाणी आले होते. आई किनाऱ्यावरून उठली, तोंडाभोवती हात धरून तिने आम्हांस "फाटीं यो!" म्हणून पुकारले. तो आवाज आम्ही तीस वर्षांपूर्वी मोरजीच्या वाळूवर ऐकला होता; तेव्हाही त्याला विचारावयाचे नसे, वळावयाचे असे. धाकटीस उचलून आम्ही निघालो. येताना कोरडी असलेली नाळ परतताना घोट्याच्या वर भरली होती आणि तळाचे पाणी पायांस ओढ देत होते. पाच मिनिटांत आम्ही कोरड्यावर होतो. तिन्ही काठ्या हळूहळू पाण्यात गेल्या, त्या मोजत थोरला आजीच्या गुडघ्यास टेकून बसला. त्याची आणि तिची काय बोलणी चालली ती आम्ही ऐकली नाहीत. भाषा मात्र कळत होती. मध्येच गुजराती शब्द येई, आई तो दुरुस्त करी आणि तो पुन्हा म्हणे.

दुपारी सैफी व्हिला पाहिला. दांडीत महात्माजी उतरले होते, ती ही वास्तू. पुढे ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झालेले राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक पाहिले. पदयात्रींचे पुतळे मुलांनी एकेक करून मोजले. आकडा दोघांचा निराळा आला आणि त्यावरून झालेले भांडण नवसारीपर्यंत पुरले. त्याचे वर्णन करीत नाही.

परतण्यापूर्वी थोरल्याने एका खळग्याच्या काठाचा पातळ पांढरा थर खरवडून रुमालात बांधून घेतला. पावसाळा नुकता सरलेला, त्यामुळे त्यात मिठापेक्षा चिखल अधिक होता. घरी आल्यावर आईने तो पाण्यात विरघळवला, दोनदा फडक्याने गाळला आणि मंद आचेवर आटवला. कढईच्या तळाशी चमचाभर मीठ राहिले. ते जिभेला किंचित कडवट लागले. समुद्राच्या न शुद्ध केलेल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहतात, त्याची ही चव. सौभाग्यवतींचे मत ते वापरू नये असे होते. आईने त्यातील अर्धे रात्रीच्या हुमणात टाकले आणि उरलेले काडेपेटीत भरून थोरल्यास दिले. पेटीवर काय लिहावे यावर आजी-नातवाचा बराच वेळ वाद झाला. वाद कोंकणीत होता, व्याकरण जेमतेम होते.

आता आईस सुवालीचा किनारा पाहावयाचा आहे. १६१२ साली तेथे गोव्याच्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, जहाजे इंग्रजांशी लढली होती हे आम्ही तिला सांगितले. तिला त्यात गोडी दिसली नाही. तेथे पाणी कितपत मागे जाते, इतकेच तिने विचारले. थोरला भिंतीवरचे पंचांग खाली काढून अमावास्या कोठे आहे ते शोधीत बसला आहे.