ढील आणि तळ

स्ट्रीमर म्हणजे छोट्या माशाच्या रूपात बांधलेली, पिसांची आणि केसांची लांबट फ्लाय (गळावर बांधलेलं नकली आमिष). ती ट्राउटच्या तोंडापर्यंत न्यायची तर तळाजवळ न्यावी लागते, कारण ट्राउटचं भक्ष्य असलेला स्कल्पिन तळाशीच राहतो. त्याला वाताशय नसतो, त्यामुळे तो पाण्यात अधांतरी राहू शकत नाही. म्हणून सिंक टिप: दोर मागे तरंगता, आणि पुढचे पाच ते पंधरा फूट टंगस्टनची पूड मिसळलेल्या आवरणामुळे बुडणारे. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे बहुतेक जण म्हणतात की खोली हवी तर टिप जड घ्या. माझ्या मते खोली वजनापेक्षा ढिलीने मिळते, आणि टिपचं खरं काम खोलीइतकंच फ्लायच्या चालीशी आहे.

हिशोब करून पाहू. सेकंदाला 6 इंच बुडणारी टिप 4 फूट खाली जायला 8 सेकंद घेते. प्रवाह सेकंदाला 3 फुटांनी धावत असेल, तर तेवढ्यात ती 24 फूट वाहून जाते. म्हणजे खडकामागच्या माशासाठी दोर खडकाच्या बराच वर, प्रवाहाच्या उगमाकडे पडायला हवा. शिवाय वेष्टणावरचा 6 इंचांचा आकडा स्थिर पाण्यातला असतो. दोर ताणला गेला की प्रवाह त्याला वर उचलू लागतो आणि तो आकडा निरर्थक होतो. पतंग उडवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: मांजा ताणून धरला की पतंग चढतो, ढील दिली की सरकतो. पाण्यातही तसंच. दोर पडताच त्याचा तरंगता भाग उचलून प्रवाहाच्या वर टाकला, म्हणजे मेंडिंग केलं, आणि त्यातून 3 सेकंदांची ढील मिळाली, तर टिप दीड फूट जास्त खाली जाते. जड टिप घेऊनही दोर ताठच ठेवला, तर तिच्या वजनाचा बराचसा फायदा प्रवाहच खाऊन टाकतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मग फ्लायलाच वजन का बांधू नये? बॉब क्लाउझरने सस्क्वेहॅना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी धातूचे डोळे लावलेली फ्लाय बांधली आणि ती जगभर चालली. पण तिची चाल ठरलेली असते. ओढ थांबली की डोकं खाली, ओढली की वर. उलट मडलर मिनोचं डोकं हरणाच्या पोकळ केसांचं, म्हणजे तरंगणारं. डॉन गॅपनने ती 1930च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर स्कल्पिनसारखी दिसावी म्हणून बांधली. तळच्या माशाची नक्कल, आणि ती तरंगू पाहते! सिंक टिपच्या पुढे तीन-चार फुटांच्या लीडरवर, म्हणजे दोर आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक धाग्यावर, तिला बांधा: ओढली की टिपमागोमाग ती खाली झुकते, थांबलात की हळूच वर उचलली जाते, घायाळ माशासारखी घुटमळते. दोर बुडतो, फ्लाय बुडत नाही, आणि या दोघांच्या ओढाताणीतून जी हालचाल निघते ती जड डोळ्यांच्या फ्लायमधून मिळत नाही. लीडर मात्र आखूडच हवा. नऊ फुटांचा ठेवला तर टिप तळाशी आणि फ्लाय कितीतरी वर, असा प्रकार होतो. आखूड लीडरमुळे मासा बुजेल ही भीती मला पटत नाही. पाठलाग करणारा मासा भक्ष्याच्या मागून येतो, आणि दोर असतो भक्ष्याच्या पुढे.

पूर्ण बुडणारा दोर तळ्यात उत्तमच. नदीत तो एकदा बुडाला की मेंडिंगसाठी उचलता येत नाही, म्हणजे ढील देण्याचं साधनच हातातून जातं. टिप फेकायला बोजड असते, हे खरं आहे. फेकताना दोराचा वळसा, म्हणजे लूप, मोठा ठेवून, हात सावकाश चालवून ते निभावतं.

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जाणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगेन: तिथे खडकांमागचे डोह लहान असतात आणि लांब टिप एकाच वेळी दोन-तीन प्रवाहांवर आडवी पडते. पाच फुटांची टिप न्या, दोर खडकाच्या वर टाका, ढील द्या, आणि पहिली ओढ घेण्याआधी मनात आठपर्यंत मोजा.