जुनी गाडी घेताना किल्ल्या मोजता, मोबाईल कोण मोजणार?

मंडळी, आज राजकारण नाही. गाडीवर बोलू.

आपल्या घाटनांदूरला शोरूमची कोरी गाडी घेणारे थोडे. पोरगं पुण्याला कामाला लागलं की दोन-चार वर्षांत तिकडनंच वापरलेली गाडी बघतं आणि दारात आणून लावतं. घेताना आपण टायर बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, विमा आणि बँकेचा बोजा तपासतो, फॉर्म २९ अन् ३० वर सह्या घेतो. दोन्ही किल्ल्या मिळाल्या की व्यवहार पक्का.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी अशीच गाडी आणली. महिन्याभराने रात्री नऊला पुण्याहून जुन्या मालकाचा फोन. "सर, तुमच्या गाडीचं दार उघडं राहिलंय, मला मेसेज आलाय." माणूस भला, म्हणून त्याने सांगितलं. पण गुरुजींची झोप उडाली. गाडी कुठं उभी आहे, लातूरला कधी गेली, घर कधी बंद असतं, हे सगळं महिनाभर दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसत होतं. आरसी गुरुजींच्या नावावर झाली, ॲप मात्र जुन्याच मालकाच्या नावावर.

हे काही आपल्याकडंच घडतं असं नाही. आयबीएममधले सुरक्षा तज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये हेच जाहीरपणे सांगितलं होतं. हातातून गेलेली जुनी गाडी त्यांना ॲपवर दिसत होती, तिचं दार उघडता येत होतं, हॉर्नही वाजवता येत होता.

आता गाडीच्या पोटात काय असतं ते बघा. ब्रेक, इंजिन, एअरबॅग, दारं, प्रत्येकाला छोटा संगणक असतो. ते एकमेकांशी 'कॅन' नावाच्या तारेवरून बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये आणली. तिचं काम दवंडीसारखं. दवंडी ऐकू आली की ऐकायची, कुणी पिटली हे विचारायचं नाही. तेव्हा गाडीला इंटरनेट नव्हतं, म्हणून चाललं. आता गाडीत सिमकार्ड आलं.

२०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी घरी बसून हायवेवरच्या जीप चेरोकीचं ट्रान्समिशन बंद पाडून दाखवलं. शिरले ते म्युझिक सिस्टीमच्या इंटरनेटमधून. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

पण धोका मोजायचा तर दोन प्रश्न विचारायचे. शिरणं किती सोपं? आणि शिरल्यावर नुकसान किती? जीपचं नुकसान जीवघेणं होतं, पण त्यामागं दोन तज्ज्ञांची मोठी मेहनत होती. गुरुजींच्या गाडीत शिरायला काहीच लागत नव्हतं, जुना पासवर्ड पुरेसा होता. आपल्या गावात धोका या दुसऱ्या दारातून आधी येणार.

दुसरं दार स्टेअरिंगखाली आहे. मेकॅनिक स्कॅनर लावतो ती खाच. ती थेट गाडीच्या जाळ्यात जाते. ऑनलाईन मिळणारा बिननावाचा स्वस्त ट्रॅकर तिथं कायमचा खोचून ठेवला, की दवंडी पिटायचा ढोल अनोळखी माणसाच्या हातात दिला असं समजा.

जगात नियम होतायत. संयुक्त राष्ट्रांचा आर १५५ नियम आहे, आपल्याकडं त्याच धर्तीवर एआयएस १८९ आखलं गेलंय. पण ते गाडी बनवणाऱ्या कंपनीसाठी. चौथ्या हातात गेलेल्या गाडीचं काय?

माझी मागणी साधी आहे. अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयात एमएच ४४ ची गाडी नावावर करताना एक ओळ वाढवा: 'जुन्या मालकाने ॲपमधून गाडी काढून टाकली आहे.' जुन्या गाड्यांच्या डीलरांनीही हे लेखी द्यावं.

तोवर आपणच एवढं करा. पैसे देण्याआधी जुन्या मालकाला समोर बसवून ॲपमधून गाडी काढायला लावा. स्क्रीनमधले जुने फोन, पत्ते पुसा, सगळं रिसेट करा. सर्व्हिस सेंटरला नवा मालक म्हणून नोंद करा. सॉफ्टवेअर अपडेट टाळू नका. स्टेअरिंगखाली काही खोचलंय का, वाकून बघा.

आणि ज्यांनी गाडी विकलीय त्यांनीही आपला मोबाईल तपासा. दुसऱ्याची गाडी आपल्या खिशात असणं बरं नाही.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. या दिवाळीला गाडी घेणाऱ्याला उपयोग होईल.